हेंपची वाफ आणि शेतकऱ्याचा फोटो



गेल्या वैशाखात आमच्या तालुक्यातल्या एका गावी हुमणीच्या बंदोबस्तावर बोलायला गेलो होतो. मेळावा आटोपला, चहा झाला आणि गाडीकडे निघालो, तेवढ्यात गावचे एक जुने बागायतदार मला बाजूला घेऊन गेले. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, मीही म्हणतो. खिशातून फोन काढून म्हणाले, "साहेब, जरा हे बघा. पोरगं चार दिवस मागं लागलंय."

फोनवर एक जाहिरात होती. हिरवेगार शेत, टोपी घातलेला गोरा शेतकरी आणि खाली मराठीत मजकूर: हेंपची लागवड करा, एकरी दहा लाख मिळवा, बी आमचे, खरेदीची हमी आमची, अमेरिकेत सर्व राज्यांत कायदेशीर. त्याखाली पेनासारख्या दिसणाऱ्या एका वस्तूचे चित्र होते. तिच्यातून वाफ निघत होती. बियाण्याची अनामत चाळीस हजार. तात्यांच्या मुलाने पैसे जमवून ठेवले होते, सोमवारी भरायचे होते.

"मुलगा म्हणतो, हा तागच आहे," तात्या म्हणाले. "इंग्रजीत तागाला हेंपच म्हणतात म्हणं. मग तागाला कोण अडवतंय?"

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, म्हणून आधी तेवढे उलगडतो. आपण हिरवळीच्या खतासाठी बोरू, म्हणजे ताग पेरतो, त्याला इंग्रजीत सन हेंप म्हणतात. आपल्या अंबाडीला जुन्या सरकारी पुस्तकांत डेक्कन हेंप असे नाव आहे. दोन्हींच्या सालीपासून वाख निघतो, म्हणून ही नावे. ताग हे शेंगवर्गीय पीक, अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातली. अंबाडीची काही पाने भांगेच्या पानासारखी बोटाबोटांची दिसतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही भांगेची आठवण ठेवली आहे. पण जाहिरातीतला हेंप हा यांपैकी कोणीच नव्हे. तो साक्षात भांग-गांजाचे झाड, कॅनाबिस सटायव्हा. नाव सारखे म्हणून वाण सारखे मानले तर काय होते, हे गाजरगवताच्या देशातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

आता या झाडाभोवती अमेरिकेत जो बाजार उभा राहिला त्याची हकिगत सांगतो, कारण आपल्याकडच्या फोनवर येणाऱ्या जाहिराती त्याच बाजाराचे उष्टे आहेत.

केंटकी हे अमेरिकेतले तंबाखूचे राज्य. आपल्याकडच्या निपाणी-कागल पट्ट्यासारखे समजा. तंबाखूच्या आधीपासून तिथे वाखासाठी हेंप पिकत असे. दुसऱ्या महायुद्धात दोरखंडांचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेच्या शेतीखात्याने १९४२ साली हेंप पिकवा म्हणून खास चित्रपट काढला होता. पुढे १९७० च्या अमली पदार्थ कायद्यात हेंप आणि गांजा एकाच पोत्यात गेले आणि लागवडीची वाट बंद झाली. २०१४ च्या शेती विधेयकाने प्रायोगिक लागवडीला वाट दिली. २० डिसेंबर २०१८ रोजी सही झालेल्या नव्या शेती कायद्याने हेंप अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर काढला. व्याख्या अशी केली की ज्या झाडात डेल्टा-९ टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य वाळल्या वजनाच्या ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नाही, तो हेंप. त्याच्या वर गेला की गांजा.

हा ०.३ चा आकडा कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ साली एका सहकाऱ्याबरोबर झाडांचे वर्गीकरण करताना वापरला होता. एका बाजूला वाखाची झाडे, दुसऱ्या बाजूला नशेची, मध्ये एक रेघ हवी म्हणून ओढलेली रेघ. तिच्यावर पुढे अब्जावधींचा व्यापार उभा राहील, असा त्यात काही हेतू नव्हता.

कायदा होताच तंबाखूवाले शेतकरी हेंपकडे धावले. त्यांना वाख नको होता. त्यांना हवे होते सीबीडी. हे त्याच झाडाच्या मादी फुलोऱ्यातले दुसरे द्रव्य, त्याने नशा होत नाही. झोप, सांधेदुखी, चिंता, सगळ्यावर ते गुणकारी अशी हवा झाली होती. २०१९ साली अमेरिकेत पाच लाख एकरांहून अधिक क्षेत्रासाठी परवाने दिले गेले. प्रत्यक्षात लागवड त्यापेक्षा पुष्कळ कमी झाली, तरीही माल इतका आला की घेणारा उरला नाही. वर्षभरात भाव कोसळले. केंटकीतली एक मोठी प्रक्रिया कंपनी २०२० च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली आणि तिच्याशी करार केलेल्या शेतकऱ्यांचा माल कोठारात वाळत पडला. अमेरिकी शेतीखात्याच्या मोजणीप्रमाणे २०२१ मध्ये सुमारे ५४ हजार एकर हेंप होता, २०२२ मध्ये सुमारे २८ हजार. एका वर्षात निम्मा. पिकाची किंमत तर त्याहून खाली आली, सुमारे ८२ कोटी डॉलरवरून २४ कोटींवर.

सफेद मुसळी, एमू, कडकनाथ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. पण आपल्या एमूचे निदान पुढे काही झाले नाही. हेंपचे झाले.

कोठारात पडलेल्या सीबीडीचे करायचे काय, या प्रश्नाला रसायनवाल्यांनी उत्तर शोधले. सीबीडी द्रावकात विरघळवून त्यावर आम्लाची क्रिया केली की त्याच्या रेणूची मांडणी बदलते आणि डेल्टा-८ टीएचसी तयार होते. हे डेल्टा-९ चे सख्खे भावंड. नशा थोडी सौम्य, पण नशाच. झाडात ते नैसर्गिकरीत्या अगदी नगण्य असते, म्हणजे बाजारात जे येते ते जवळजवळ सारे बरणीत केलेले. व्यापाऱ्यांचा युक्तिवाद असा की कायद्यात बंदी फक्त डेल्टा-९ वर आहे, आमचे डेल्टा-८ आहे, आणि ते हेंपपासूनच केले आहे, म्हणून कायदेशीर. मे २०२२ मध्ये तिथल्या एका वरिष्ठ न्यायालयाने, तेही व्यापारचिन्हाच्या भांडणात, कायद्याचे शब्द पाहता हा अर्थ निघतो असे म्हटले. मग काय विचारता!

आपल्या भाषेत सांगायचे तर ऊस कायदेशीर आहे, मळीही कायदेशीर आहे, म्हणून मळीपासून विनापरवाना गाळलेली दारू कायदेशीर, असे कुणी म्हणाले तर आपला फौजदार काय करील? तिथे मात्र हे चालून गेले.

तोच प्रकार खाण्याच्या गोळ्यांचा. ०.३ टक्का ही मर्यादा वजनावर आहे. झाडाच्या पानाफुलांसाठी ती ठीक. पण पाच ग्रॅमच्या साखरेच्या गोळीत ०.३ टक्का म्हणजे १५ मिलिग्रॅम टीएचसी मावते, आणि तेवढ्याने सवय नसलेल्या माणसाला गरगरेल. गोळी जितकी जड, तितकी मुभा जास्त. दुधात फॅटचे प्रमाण मोजण्याऐवजी कासंडीचे वजन करून भाव ठरवावा, तसला हा हिशेब.

आता विक्रीकडे वळू. हा माल मुख्यतः पेट्रोल पंपावरच्या दुकानांत आणि इंटरनेटवर विकला गेला. इंटरनेटवरची दुकाने मी पाहिली आहेत. काय पिकते हे सांगणे माझे काम असले, तरी ते कसे विकले जाते हे पाहिल्याशिवाय सांगू नये असे मी मानतो. आधी एक प्रश्न येतो: तुमचे वय २१ आहे का? 'हो' वर बोट ठेवले की दार उघडते. शेंबडे पोरही 'हो' म्हणू शकते, कागद कुणी मागत नाही. आत गेल्यावर पुन्हा तेच शेत, तोच टोपीवाला शेतकरी, शेतातून थेट तुमच्याकडे, नैसर्गिक, सेंद्रिय. मग आंबा, स्ट्रॉबेरी, केकच्या स्वादाची वाफेची पेने. दोन घ्या, तिसरे फुकट. पाच तारे दिलेली अभिप्रायांची रांग. आणि ठळक अक्षरांत: शेती कायद्यास अनुसरून.

ज्याचा फोटो आहे त्या शेतकऱ्याला यातले काय मिळाले? तो आपल्या कोठारातल्या मालाला गिऱ्हाईक शोधत होता. त्याच्यावरचे नियम मात्र कडक. कापणीच्या आधी ३० दिवसांच्या आत सरकारी नमुना काढायचा आणि टीएचसी मर्यादेबाहेर गेले तर उभे पीक नष्ट करायचे. फुलोरा जसा पक्व होतो तसे टीएचसी चढत जाते, म्हणजे चार दिवस कापणी लांबली तरी पीक हातचे जाऊ शकते. शेजाऱ्याने वाखासाठी नर-मादी दोन्ही झाडांचा हेंप लावला तर त्याचे परागकण वाऱ्याने येऊन तुमच्या मादी झाडांत बी धरते आणि सीबीडी घटते. हे सगळे धोके बांधावरच्या माणसाचे. बरणीतल्या डेल्टा-८ ला देशभर लागू होईल अशी तपासणीच नव्हती.

तपासणीचा दाखला दुकाने देतात हे खरे. पुडक्यावर चौकोनी खूण असते, ती फोनने टिपली की प्रयोगशाळेचा कागद उघडतो. पण कागद कोणत्या घाणीचा आहे, द्रावक आणि आम्लाचे अवशेष तपासले की नुसती टीएचसीची टक्केवारी, हे बघणारा गिऱ्हाईक विरळा. २०१७ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. संशोधकांनी इंटरनेटवरून ३१ कंपन्यांचे सीबीडीचे ८४ नग विकत घेऊन तपासले. लेबलावर लिहिल्याइतके सीबीडी फक्त २६ नगांत निघाले. १८ नगांत टीएचसी सापडले. वाफेच्या पेनांत भरायच्या द्रवाचे २४ नग होते, त्यांत बरोबर निघाले तीन. खताच्या चोवीस पोत्यांत तीनच पोती लेबलाप्रमाणे निघाली असती तर आपण कृषी सेवा केंद्राला कुलूप लावले असते.

त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात, युटा राज्यात सीबीडी म्हणून विकलेल्या मालाने ५२ लोकांना त्रास झाल्याचे नोंदले गेले. तपासलेल्या मालात सीबीडीऐवजी प्रयोगशाळेत केलेले भलतेच द्रव्य निघाले.

आणि २०१९ चा उन्हाळा तर तिथले डॉक्टर विसरणार नाहीत. धट्टीकट्टी तरुण मुले धाप लागून इस्पितळात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, त्यांपैकी ६८ मृत्यू निश्चित झाले. कारण शोधता शोधता व्हिटॅमिन ई ॲसिटेटपाशी येऊन थांबले. टीएचसीचे तेल पातळ केले की गिऱ्हाइकाला कळते, म्हणून दाटपणा यावा यासाठी हे घालत. खाल्ले किंवा कातडीला लावले तर त्याचे विशेष काही होत नाही, पण तापवून फुप्फुसात गेले की घात. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात ते सापडले. ही पेने बहुतेक चोरट्या बाजारातली होती, हेंपच्या दुकानांवर तो दोष सरसकट ढकलणे बरोबर नाही. पण दाटपणावर जाऊन दूध घेणाऱ्याला कसे फसवतात हे आपल्याला ठाऊक आहे, आणि बंद नळीतल्या तेलाला तर लॅक्टोमीटरही लावता येत नाही.

डेल्टा-८ चे म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ ची २,३६२ प्रकरणे आली. त्यांतली ४१ टक्के अठरा वर्षांखालच्या मुलांची. उलट्या, भास, कापरे, गोंधळणे, शुद्ध हरपणे. लहान मुलांनी बहुधा मिठाई समजून गोळ्या खाल्लेल्या. २०२३ च्या एका देशव्यापी पाहणीत बारावीच्या मुलांपैकी दर शंभरी अकरांहून थोड्या जास्त मुलांनी वर्षभरात डेल्टा-८ घेतल्याचे सांगितले. वय विचारणारे ते 'हो'चे दार किती पक्के होते ते यावरून दिसते.

सरकार स्वस्थ बसले असे नाही. खोटे औषधी दावे करणाऱ्या विक्रेत्यांना मे २०२२ पासून डेल्टा-८ बद्दल इशारापत्रे गेली, मुलांच्या खाऊची हुबेहूब पाकिटे काढणाऱ्यांना २०२३ मध्ये गेली. २०२१ पासून टपालाने वाफेची पेने घरोघरी पाठवण्यावर, थोडे अपवाद सोडता, मनाई आली आणि त्यात हेंपची पेनेही धरली. पण मूळ पळवाट होती व्याख्येत. ती १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने बुजवायला घेतली. नव्या व्याख्येत सगळ्या जातींचे टीएचसी एकत्र मोजायचे, झाडाबाहेर बनवलेली द्रव्ये हेंपमध्ये धरायची नाहीत आणि तयार मालाच्या एका डबीत ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालायचे नाही. व्यापाऱ्यांना एक वर्षाची मुदत दिली. मघाचे १५ मिलिग्रॅम आठवा आणि हे ०.४ बघा. म्हणजे तात्यांच्या मुलाला 'अमेरिकेत कायदेशीर' म्हणून जे दाखवले जात होते, त्याच्या मुळावरच तिथल्या संसदेने कुऱ्हाड धरली होती. जाहिरातीत अर्थातच हे नव्हते.

आता आपल्या देशाचे. मी तात्यांना जे सांगितले तेच येथे लिहितो.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय भांग-गांजाचे झाड लावणे गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. आपला कायदा झाडातले ०.३ टक्के मोजत बसत नाही. फुलोरा म्हणजे गांजा, मग तो हेंपचा असो की कशाचा. वाखासाठी किंवा बियांसाठी सरकार खास आदेशाने लागवडीला परवानगी देऊ शकते, तशी सोय त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती वाट धरली, कारण तिथल्या डोंगरी गावांत भांगेच्या बियांची चटणी आणि वाखाचे दोर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. हेंपच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली, म्हणून ते तेल आणि बी इंटरनेटवर उघड विकलेले दिसते. पण बी विकायला परवानगी आहे याचा अर्थ ते पेरायला परवानगी आहे असा होत नाही. हा फरक जाहिरातवाले मुद्दाम गाळतात.

'विजया' या नावाने आयुर्वेदिक तेले आणि गोळ्याही दिसतील. औषधांच्या नियमांत भांगेची गणना विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, अशी औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. गुडघे दुखतात म्हणून फोनवर बघून आजीला परस्पर देऊ नका.

वाफेच्या पेनाचा प्रश्न तर आपल्याकडे २०१९ सालीच मिटला. केंद्राच्या ई-सिगारेट बंदी कायद्याने त्याचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरातसुद्धा बंद आहे, आत निकोटिन असो वा नसो. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आत टीएचसी असेल तर वर अमली पदार्थांचा कायदा. परदेशातून मागवलेले पार्सल किंवा बॅगेतून आणलेली 'भेट' याच हिशेबात जाते, हे अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींना घरच्यांनी फोनवर एकदा स्पष्ट सांगावे. तिथल्या दुकानात उघड्यावर मिळते म्हणून ती घेऊन मुंबईला उतरली तर 'हे हेंपचे आहे' हे उत्तर विमानतळावर चालणार नाही. तात्यांच्या पुतणीची मुलगी तिकडे शिकते. त्यांनी त्याच संध्याकाळी तिला फोन लावला. शहरात वसतिगृहावर असलेल्या मुलांच्या आयांनीही लक्ष ठेवावे. हे पेन कधी शाईच्या पेनासारखे, कधी संगणकाला लावायच्या पेन ड्राइव्हसारखे दिसते, सिगारेटचा वास येत नाही, आला तर फळाचा गोड वास येतो.

तात्यांच्या मुलाला मी बोलावून घेतले. शिकलेला, तडफदार मुलगा. ऐकून घेतले, पण पडेल चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, सोयाबीनला भाव नाही, ऊस कारखाना वेळेवर नेत नाही. मग आम्ही नवीन काही बघायचंच नाही का?" याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि आहे असा आवही मी आणला नाही. मी इतकेच म्हणालो, त्या नंबरावर फोन कर आणि दोन गोष्टी माग, लागवडीच्या सरकारी परवान्याची प्रत आणि खरेदीदाराचा नोंदणीकृत पत्ता. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा गृहस्थ आधी गोड बोलला, मग म्हणाला की परवाना पैसे भरल्यावर निघतो. दुसऱ्या दिवशी त्या नंबराने मुलाचा फोन घेणे बंद केले.

चाळीस हजार वाचले. त्यांतले थोडे ठिबकच्या दुरुस्तीला गेले. जूनमध्ये पहिल्या पावसावर मुलाने खालच्या अडीच एकरांत बोरू टाकला, एकरी पंचवीस किलो बी. फुलकळी दिसू लागली तेव्हा सातव्या आठवड्यात तो नांगरून गाडला. आता त्या तुकड्यात कांदा करायचा की हरभरा, यावर बापलेकांचे एकमत होत नाही आणि पुढच्या भेटीत मला मध्यस्थी करायची आहे.